हस्तलिखितं जपायची, तर आधी जपणारा माणूस तयार करू या

आपल्या समाजाकडे जुन्या वस्तू कमी नाहीत. एखाद्या दर्ग्याच्या कपाटात फारसी सनदा असतात. मशिदीच्या पोटमाळ्यावर हाताने लिहिलेलं कुराण असतं. जुन्या शाळेच्या कुतुबखान्यात शिळाप्रेसवर छापलेल्या उर्दू किताबा असतात. कोकणातल्या एखाद्या घरात मोडीतली इनामाची कागदपत्रं निघतात, तर शेजारच्या घरात जहाजावर आयुष्य काढलेल्या पणजोबांचा कंपास. मग कोणाच्या तरी मनात येतं, हे सगळं एका खोलीत मांडून छोटंसं संग्रहालय करू या. कल्पना चांगलीच आहे.

पण बैठक बसली की चर्चा होते जागेची, काचेच्या कपाटांची, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं याची. या वस्तू रोज सांभाळणार कोण आणि त्याला ते काम शिकवणार कोण, हा प्रश्न शेवटी येतो. बऱ्याचदा येतच नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. कपाटावर पहिला रुपया खर्च करण्याआधी तो माणसाच्या शिक्षणावर खर्च करा. हे काम नुसत्या प्रेमावर होत नाही. किंबहुना छोट्या संग्रहांचं बरंचसं नुकसान प्रेमापोटीच होतं.

प्रेमानं होणारं नुकसान

सनद फाटायला लागली म्हणून कोणी ती झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणतो. दिसायला छान दिसते. पण गरम प्लास्टिक कागदाच्या धाग्यांत घुसतं आणि नंतर ते काढता येत नाही. कागद आतल्या आत पिवळा पडून ठिसूळ होत जातो, आणि तो वाचवायला कोणाला हातही लावता येत नाही.

सेलोटेपचंही तसंच. काही वर्षांनी टेप सुटून पडते, पण तिचा चिकट तपकिरी डाग कागदात कायमचा राहतो. जाणकार लोक फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद लावतात, तोही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. ही खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते. या शास्त्राचा पहिला धडाच हा आहे: आज जे कराल ते उद्या उलटवता आलं पाहिजे.

आणखी उदाहरणं घ्या. पावसाळा संपला की कपड्यांसारखी किताबांनाही ऊन दाखवणं, यात शाई फिकी पडते आणि कागद वाळून तडकतो. ओल्या फडक्याने पानं पुसणं तर फारच धोक्याचं, कारण काजळीची जुनी सियाही पाण्याने सहज पसरते. बिदरीच्या सुरईला पितळेच्या पॉलिशने घासणं, यात बिदरीचा काळा रंगच निघून जातो आणि बिदरीची सगळी शान त्या काळ्या रंगावरच्या चांदीच्या नक्षीत असते. बंद खोलीत डांबराच्या गोळ्या भरून ठेवणं, यात किडीपेक्षा तिथे बसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना जास्त त्रास.

यातलं काहीही कोणी वाईट हेतूने करत नाही. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

शिकवतात तरी काय?

‘संग्रहालयशास्त्र’ म्हटलं की लोकांना वाटतं, त्यासाठी मोठी पदवी हवी, प्रयोगशाळा हवी. पण इथे दोन कामं वेगळी करून पाहायला हवीत. खराब झालेली वस्तू दुरुस्त करणं हे तज्ज्ञाचं काम, त्याला अनेक वर्षांचं शिक्षण लागतं. वस्तू खराब होऊच नये याची काळजी घेणं हे दुसरं काम. याला प्रतिबंधक जतन म्हणतात. छोट्या संग्रहालयाच्या कर्मचाऱ्याला आधी हेच शिकायचं असतं, आणि त्याची सुरुवात काही दिवसांच्या कार्यशाळेतही होऊ शकते. डॉक्टर आणि घरातली समजूतदार आई यांच्यात जो फरक, तोच इथे.

अशा शिक्षणाची एक सोपी चौकट कॅनडाच्या संवर्धन संस्थेने मांडली आणि आज ती जगभर वापरली जाते. वस्तूचे दहा शत्रू ओळखा, असं ती सांगते: धक्का किंवा दाब, चोरी आणि तोडफोड, आग, पाणी, कीड आणि उंदीर, धूळ-धूर, उजेड, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता आणि वस्तूची माहिती हरवणं. शिकलेला माणूस खोलीत शिरला की या दहा नजरांनी ती खोली पाहतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलंय का? वरून पाण्याची पाइप जाते का? खिडकीतलं ऊन दुपारी कुठपर्यंत येतं?

त्याच्याकडे आकड्यांचा अंदाजही असतो. कागद आणि कापडावर ५० लक्सच्या आसपास उजेड पुरे, एवढ्या मंद प्रकाशातही माणसाला नीट दिसतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीची भीती वाढते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात हा आकडा पाळणं कठीण, हे खरं. म्हणून तर शिकावं लागतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं, सगळ्यात खालचा खण रिकामा ठेवणं, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवून रोज आकडा लिहिणं, हवा खेळती ठेवणं ही कामं स्वस्त आहेत. आर्द्रता मोजणारं साधं यंत्र एखाद्या उद्घाटनाच्या हारतुऱ्यांपेक्षा कमी पैशात येतं.

सगळ्यात मोठा शत्रू: माहिती हरवणं

दहा शत्रूंतला शेवटचा आम्हाला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो दिसत नाही. वाळवी दिसते, पाणी दिसतं. पण ही तलवार कोणाच्या घरातून आली, ही वही कोणी लिहिली, हा फोटो कुठल्या सालचा, हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस जग सोडून गेला की वस्तू मुकी होते. ती तिथेच असते, पण तिचा अर्थ गेलेला असतो.

म्हणून प्रत्येक चांगल्या प्रशिक्षणात आवक नोंदवही कशी ठेवायची हे आधी शिकवतात. पद्धत अवघड नाही. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक. समजा २०२५ साली चौथ्या घरातून तीन वस्तू मिळाल्या, तर त्यातल्या पहिल्या वस्तूचा क्रमांक २०२५.४.१, दुसरीचा २०२५.४.२. नोंदवहीत वस्तूचं वर्णन, मापं, सध्याची अवस्था, कोणी दिली, कधी दिली, ती कायमची दिली की काही काळ ठेवायला दिली, आणि ती कुठल्या कपाटात कुठल्या खणात आहे हे सगळं. कागदावर क्रमांक मऊ शिसपेन्सिलीने, एका ठरलेल्या कोपऱ्यात. बॉलपेन नाही, स्टिकर नाही, रबरी शिक्का तर अजिबात नाही.

‘कायमची की काही काळ’ हा रकाना छोटा वाटतो, पण पुढची भांडणं इथेच मिटतात. दोन पिढ्यांनी कोणाचा नातू येऊन “आमच्या दादाजींची किताब परत द्या” म्हणाला, तर विश्वस्तांकडे सहीचा कागद असला पाहिजे. अमानत म्हणून घेतलेली वस्तू अमानत म्हणूनच नोंदलेली असावी. आपल्याकडे तर लेखी व्यवहाराचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

कायदाही माहीत हवा. पुरावशेष आणि कलावस्तू कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. ऐतिहासिक, साहित्यिक किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. चित्रं किंवा सोनेरी नक्षी असलेल्या हस्तलिखितांसारख्या काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी करावी लागते, आणि पुरावशेष परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला आठवण म्हणून जुनं हस्तलिखित पाठवणारी घरं आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

हस्तलिखितांची वेगळी भाषा

अरबी-फारसी हस्तलिखितं सांभाळणाऱ्याला थोडं जास्त शिकावं लागतं. जुन्या हस्तलिखितांत अनेकदा पानांना क्रमांक नसायचे. पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचे, त्यावरून क्रम लागायचा. आता एखाद्या बाइंडरने किताब ‘नीटनेटकी’ करायला कडा कापल्या, तर हे शब्द गेले. पानं सुटली की क्रम लावणं मुश्कील. समासातल्या टिपा, मालकांच्या मोहरा, वक्फ केल्याची नोंद, शाही कुतुबखान्यात तपासणी झाल्याचा ‘अर्ज-दीदा’ हा शेरा या सगळ्या गोष्टी बहुधा कडेला किंवा पहिल्या-शेवटच्या पानावरच असतात. म्हणजे बाइंडर ज्याला कचरा समजतो, तोच त्या किताबीचा जन्मदाखला असतो.

हिरव्या रंगाचंही असंच आहे. जुनी हिरवी रेघ बऱ्याचदा जंगार म्हणजे तांब्याच्या गंजापासून केलेली असते. ती हळूहळू कागद खाते. अशी पानं उलटताना रेघेवरूनच चौकट सुटून येते. हे ठाऊक असलेला माणूस त्या पानाला खालून आधार देतो, इतर लोक बोटाने कोपरा धरून ओढतात.

आपल्या जुन्या लोकांना यातलं काहीच कळत नव्हतं, असं मात्र समजू नका. अनेक जुन्या हस्तलिखितांवर ‘या कबीकज’ असं लिहिलेलं आढळतं. किडीपासून किताब वाचावी म्हणून ही साद असायची. कबीकज हे मुळात एका विषारी वनस्पतीचं नाव. कडुनिंबाचा पाला, वेखंड, लवंग यांचा वापर घरोघरी होता. पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असत. आजचे तज्ज्ञही धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात किताब गुंडाळायला सांगतात. आणि रेहल पाहा. रेहलवर ठेवलेली किताब पूर्ण सपाट उघडत नाही, दोन्ही बाजूंना आधार मिळतो, शिवण ताणली जात नाही. आज मोठ्या ग्रंथालयांत जुनी पुस्तकं वाचायला जे उतरते आधार ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे.

‘ठंडं’ करण्याआधी एकदा दाखवा

एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. कुराणाची जीर्ण पानं अदबीने दफन करण्याची किंवा वाहत्या पाण्यात ठंडी करण्याची रीत आपल्याकडे आहे. त्यामागची भावना योग्यच आहे. पण त्या गोणीत कालची छापील प्रत आहे की तीनशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित, हे पाहतो कोण?

येमेनमधल्या सना शहराची गोष्ट इथे आठवते. १९७२ साली तिथल्या मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असताना छताच्या पोकळीत जुन्या चामड्याच्या आणि कागदाच्या पानांचा ढीग सापडला. मजुरांनी तो गोण्यांत भरून ठेवला. पुढे येमेनच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख काझी इस्माईल अल-अकवा यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी परदेशातून मदत मिळवली. १९८० च्या दशकात जर्मन तज्ज्ञांच्या साथीने ती पानं स्वच्छ करून, सपाट करून, नोंदवून ठेवली गेली. त्यांत हिजरी सनाच्या पहिल्या शतकातली कुराणाची पानं निघाली. आज जगातल्या सगळ्यात जुन्या कुराणी पानांत त्यांची गणना होते. फरक पडला तो एका जाणत्या नजरेमुळे.

आपल्या प्रत्येक तालुक्यात अशी एक जाणती नजर असावी, एवढीच अपेक्षा आहे. जीर्ण पानांची गोणी निघण्याआधी तिने एकदा पाहावं.

पूर आला तर?

महाराष्ट्रात हा प्रश्न ‘जर’चा राहिलेला नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांचा फटका बसला. १८६४ पासूनची ती संस्था. सांगली, कोल्हापूर, महाड, मुंबई, कुठल्या ना कुठल्या पावसाळ्यात पाणी घरात शिरतंच.

भिजलेल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत काय करायचं हे आधीच ठरलेलं आणि लिहून ठेवलेलं असावं लागतं. प्रशिक्षणात याची तालीम करून घेतात. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. उन्हात टाकू नका. थोडी पुस्तकं असतील तर सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरा टिपकागद घालून वाळवा. जास्त असतील तर छापील पुस्तकं आणि नोंदवह्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून गोठवून ठेवता येतात, म्हणजे बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. किनाऱ्यावर मासळीची शीतगृहं आहेत. त्यांच्या मालकाशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवणं ही शहाणपणाची गोष्ट. आणि सगळ्यात आधी कुठल्या दहा वस्तू उचलायच्या, याची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावलेली असावी.

शिकायचं कुठे?

वाटा बऱ्याच आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे आणि संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, देशातला तो पहिला. लखनऊला १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा संग्रहालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण घेते. १९८४ पासून काम करणारी ‘इंटॅक’ ही संस्था संवर्धन केंद्रं चालवते आणि छोटे अभ्यासक्रमही घेते.

हस्तलिखितांसाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशनची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन हे त्याचं उद्दिष्ट आहे, आणि खासगी संग्रहांतली हस्तलिखितंही त्यात येतात. अरबी-फारसी संग्रहांचं काम जवळून पाहायचं असेल, तर पाटण्याची खुदाबख्श लायब्ररी आणि रामपूरची रजा लायब्ररी या दोन्ही ठिकाणी संवर्धनाची प्रयोगशाळा आहे. आपल्या तरुणांना तिथे आठ दिवस पाठवण्याची परवानगी मागायला काय हरकत आहे?

घरबसल्याही खूप शिकता येतं. रोममधली ‘इक्रॉम’ ही आंतरराष्ट्रीय संस्था ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत शिकवते. दहा हजारांपर्यंत वस्तू असलेल्या छोट्या संग्रहालयांनी आपली गोंधळलेली भांडारखोली टप्प्याटप्प्याने, आहे त्या साधनांत, कशी लावायची याची ती पद्धत. तिची पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत. कॅनडाच्या संस्थेच्या छोट्या टिपाही मोफत मिळतात. अडचण एकच, यातलं बरंचसं इंग्रजीत आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना मराठीत किंवा उर्दूत सोपा गोषवारा करायला सांगा. एका सुट्टीचं काम आहे आणि ते पुढच्या अनेकांच्या उपयोगी पडेल.

पैशांचं म्हणाल, तर केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. नोंदणीकृत सोसायट्या आणि ट्रस्टही तिच्यासाठी अर्ज करू शकतात. अटी नीट वाचून, हिशेब आणि नोंदणी चोख ठेवूनच अर्ज करावा.

विश्वस्तांनी काय करावं?

पहिलं, माणूस निवडताना वशिला पाहू नका, सवय पाहा. ज्याचं किंवा जिचं अक्षर वाचता येतं, जी व्यक्ती वेळ पाळते आणि ‘मला हे येत नाही’ असं सांगू शकते, ती या कामाला योग्य. आपल्या मुली यात फार चांगलं काम करू शकतात. उर्दू, अरबी किंवा मोडी येत असेल तर सोन्याहून पिवळं.

दुसरं, एकाला नाही, दोघांना शिकवा. एकाला नोकरी लागून तो आखातात गेला की सगळं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. शिकून आलेल्याने परत येऊन बाकीच्यांना एक दिवस शिकवायचं, हा नियमच करा. खोली झाडणाऱ्या मावशींनाही त्या दिवशी बसवा, कारण वस्तूंना सगळ्यात जास्त हात त्यांचा लागतो.

तिसरं, या कामाला मोबदला द्या. “सवाबाचं काम आहे” म्हणून फुकट राबवून घेतलेला माणूस फार दिवस टिकत नाही. इमामसाहेबांना पगार असतो, मुअज्जिनला असतो, तसाच कुतुबखाना पाहणाऱ्यालाही असावा, अर्धवेळ का होईना.

चौथं, शिकलेल्या माणसाचं ऐका. तो “ही सनद लग्नाच्या हॉलमधल्या प्रदर्शनात न्यायची नाही, फोटो न्या” म्हणाला, तर त्याला शिष्ट समजू नका. चांगलं प्रशिक्षण माणसाला हात कधी लावायचा यापेक्षा कधी लावायचा नाही, हे जास्त शिकवतं.

आणि कार्यशाळेला जागा मिळेपर्यंत वाट पाहायचं कारण नाही. या महिन्यात एक जाड वही घ्या, शिसपेन्सिल घ्या, घरातल्या किंवा ट्रस्टच्या सगळ्यात जुन्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, आणि प्रत्येक वस्तूबद्दल त्यांना जे आठवतं ते लिहून काढा. मोबाइलवर प्रत्येक वस्तूचा फ्लॅशशिवाय फोटो काढा. कपाट भिंतीपासून पुढे घ्या. सेलोटेपचं बंडल ऑफिसातून बाहेर काढा. एवढं झालं की मग वरच्यापैकी एखाद्या संस्थेला पत्र लिहा आणि पत्रात सांगा, आमच्याकडे अमुक वस्तू आहेत, आम्हाला दोन माणसं शिकवायची आहेत. वस्तूंची यादी सोबत जोडलेल्या पत्राकडे लोक गंभीरपणे पाहतात.